बॅग २३ किलोची, यादी ६० किलोची

पत्र: माझी मुलगी नोकरीसाठी सप्टेंबरअखेर जर्मनीत म्युनिकला चालली आहे. परदेशी जाण्याची पहिलीच वेळ आणि राहणार एकटी. विमानात मोठी बॅग एकच, २३ किलोची, आणि हातात ८ किलो. मी यादी काढली तर ती साठ किलोंच्या वर गेली. कांदा-लसूण मसाला, तूप, साताऱ्याचे कंदी पेढे, भडंग, शाळूचं पीठ, सुकं खोबरं, लोणची, कुकर, तवा, शिवाय सासूबाईंनी शिवलेली वाकळ. ती म्हणते, ‘आई, तिथं सगळं मिळतं, काही नको.’ यावरून घरात रोज वाद होतो. तिला तिथं परकं वाटू नये, दोन घास सुखाचे मिळावेत, एवढीच माझी इच्छा. नेमकं काय द्यावं? आणि दिवाळीचा फराळ पाठवता येईल का? – एक आई, विश्रामबाग, सांगली

ताई,

तुमच्या मुलीचं म्हणणं निम्मं खरं आहे. तांदूळ, तूरडाळ, बेसन, पोहे, साबुदाणा, मोहरी, हिंग, चिंच, गव्हाची कणीक हे सगळं म्युनिकच्या भारतीय दुकानांत मिळतं. कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, भेंडी, वांगी, रवा यांच्यासाठी तुर्की लोकांची दुकानं आहेत आणि ती बहुतेक स्वस्तही पडतात. यातल्या कशासाठीही बॅगेतलं वजन खर्चू नका. पण आपल्याकडच्या चवीचा कांदा-लसूण मसाला तिथं सहसा मिळत नाही आणि सांडशीही सहजी मिळत नाही. ती ऐनवेळी नसली की गरम पातेलं टॉवेलनं धरून उतरवावं लागतं आणि बोटं पोळतात.

तेव्हा यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढं दोन प्रश्न लिहा. ही रोज वापरली जाईल का? आणि संपली तर तिला तिथं पुन्हा करता येईल का? लाडवांचा डबा पंधरा दिवसांत संपतो आणि मग रिकामा डबा बघून जास्तच आठवण येते. दही लावता आलं, तूप कढवता आलं, भाकरी थापता आली, तर ते सुख तिच्या हातात राहतं. जायच्या आधीचे आठवडे बॅगेपेक्षा यावर घालवा.

आधी यादीतून काय खोडायचं ते बघू. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. त्यामुळं तूप, खवा, पनीर बाद. कंदी पेढा म्हणजे खवाच, त्यामुळं विमानतळावर तो मिठाई आहे की दूध यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. निघायच्या आदल्या दिवशी इथंच पोटभर खाऊ द्या. ताजी फळं, भाज्या, कढीपत्त्याच्या डहाळ्या यांना रोगमुक्तीचा दाखला लागतो, म्हणून त्याही नकोत. कढीपत्ता सावलीत वाळवून, चुरून दिला तर चालतो. सुकं खोबरं युरोपमुळं नाही, विमानामुळं अडतं. त्यातल्या तेलामुळं ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं, त्यामुळं वाट्या बॅगेत निघाल्या तर बॅग उघडून काढून ठेवतात. तिथं कुठल्याही सुपरमार्केटात केकच्या सामानाशेजारी ‘कोकोसरास्पेल’ नावाचा बिनसाखरेचा खोबऱ्याचा कीस मिळतो. मंद भाजला की वाटणाला उत्तम.

विमान दुबई किंवा दोह्यावरून जाणार असेल तर आणखी एक. त्या देशांत खसखस बेकायदा आहे. आपल्या मसाल्यात खसखस असते हे लक्षात येत नाही. या वेळचा मसाला करतानाच ती वगळा, चवीत फार फरक पडत नाही. गंमत म्हणजे जर्मनीत खसखशीला काही आडकाठी नाही, तिथल्या पावांवर ती मुठीनं पेरलेली असते.

आता वजनाचा हिशोब. रिकामी बॅगच साडेतीन-चार किलोंची असते, म्हणजे हातात राहतात १९ किलो. त्यातले साडेनऊ कपडे आणि बाकीच्या सामानाला ठेवा. उरलेल्यात खाण्याचं साडेचार, भांडी पावणेचार-चार, आणि वाकळीला सव्वा. वाकळीबद्दल पुढं सांगते.

खाण्याच्या साडेचार किलोंत कांदा-लसूण मसाला १ किलो. एकटीला रोज चहाचा एक चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम धरला, तर तो सहा महिने पुरतो. मेतकूट अर्धा किलो. याला पर्याय नाही. ऑफिसातून थकून आल्यावर मऊ भात, मेतकूट आणि तूप असलं की पंधरा मिनिटांत जेवण होतं. कारळ्याची आणि जवसाची चटणी मिळून अर्धा किलो. हळद पाव किलो. सांगलीच्या मुलीनं परदेशातल्या दुकानात फिकट हळद विकत घ्यायची हे बरं दिसत नाही. गोडा मसाला पाव किलो, लोणचं अर्धा किलो, शाळूचं ताजं पीठ १ किलो. भडंग मात्र तयार देऊ नका. अर्धा किलो भडंग बॅगेत बरीच जागा अडवतं आणि पोचेपर्यंत सादळतं. त्याऐवजी भडंगाचा मसाला, तळून घेतलेला लसूण आणि वाळवलेला कढीपत्ता असं मिळून पाव किलो द्या. कुरमुरे आणि शेंगदाणे तिथं मिळतात. तेलात फोडणी करून दहा मिनिटांत भडंग होतं. कुरमुरे मऊ असले तर आधी ओव्हनमध्ये १०० अंशांवर सात-आठ मिनिटं ठेवायचे. पसरूनच गार होऊ द्यायचे, गरम असताना डब्यात भरले की वाफेनं पुन्हा मऊ पडतात. राहिलेल्या पाव किलोत तिच्या आवडीचं काय ते बसवा.

मसाला बांधणं हे वेगळंच काम आहे. तेल सुटलेला मसाला विमानाच्या पोटात हवेचा दाब कमी झाला की फुगतो आणि झाकणातून झिरपतो. मग सगळे कपडे लाल. म्हणून डब्यात भरू नका. पाव-पाव किलोच्या चार जाड पिशव्या करा, हवा दाबून काढा, तोंड बंद करा, प्रत्येक पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला आणि चारही मिळून एका तिसऱ्या पिशवीत. मग वर जुना टॉवेल गुंडाळा. तिथं पोचल्यावर एक पिशवी वापरायला आणि तीन फ्रीजरमध्ये. मसाल्यात खोबरं आणि तीळ असतात, त्यांचं तेल उघड्यावर दोन-तीन महिन्यांत खवट होतं. फ्रीजरमध्ये वर्षभर चव टिकते. लोणचंही असंच बांधा, आणि ते मोठ्या बॅगेतच. हातातल्या बॅगेत लोणचं आणि तिखट तपासणीवर काढून घेतात.

भांड्यांआधी एक गोष्ट विचारून घ्या: तिच्या घरात शेगडी कसली आहे? गॅस असण्याची शक्यता फार कमी. काचेच्या सपाट पृष्ठभागाची विजेची शेगडी असते, आणि तिचे दोन प्रकार. एकीत काचेखाली तार लाल होते, दुसरी इंडक्शन. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. घरमालकाला फोटो मागता आला तर उत्तम, नाहीतर सरळ इंडक्शनचा तळ असलेलीच भांडी द्या, ती दोन्हीवर चालतात. खात्री करायची तर फ्रीजवरचं चुंबक भांड्याच्या तळाला लावून बघा. घट्ट चिकटलं तर चालेल. गोल बुडाची कढई कुठल्याच काचेवर नीट बसत नाही. फोडणीची पळीही तशीच. इंडक्शनला १२ सेंटिमीटरपेक्षा लहान तळाचं भांडं बहुतेक वेळा ‘दिसतच’ नाही आणि शेगडी नुसती टुकटुक करत राहते. फोडणीला आणि चहाला १४ सेंटिमीटर सपाट तळाचं छोटं पातेलं घेतलं की प्रश्न मिटतो.

म्हणजे ३ लिटरचा स्टीलचा कुकर (साधारण २ किलो), एक जादा रिंग आणि एक जादा सेफ्टी व्हॉल्व्ह. हे दोन्ही तिथं शोधत बसायला लागतं आणि रविवारी संध्याकाळी रिंग फाटली की काय होतं ते सांगायला नको. सपाट बुडाचा लोखंडी तवा सव्वा किलोचा. सांडशी, लाटणं, चहाची गाळणी. पोळपाट नको, स्वयंपाकघराच्या ओट्यावर लाटता येतं. खलबत्ता तर अजिबात नको, दोन किलो दगड-पितळ नेऊन ती आलं ठेचणार किती? मिक्सरही पहिल्या फेरीत नको. जर्मनीत वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, त्यामुळं आपला मिक्सर चालतो, फक्त अर्थिंगचा ॲडॅप्टर लागतो. पण भांड्यांसकट त्याचं वजन चार-पाच किलो. सुरुवातीला कॉफी दळायचं छोटं यंत्र तिथंच घेऊ दे. दाण्याचं कूट त्यात छान होतं, मात्र दोन-तीन सेकंदांचे झटके द्यायचे. सलग फिरवलं की तेल सुटून गोळा होतो. दाणे ओव्हनमध्ये १६० अंशांवर १२ ते १५ मिनिटं भाजले की एका वेळी अर्धा किलो होतात, ढवळत उभं राहायला नको.

लाल होणाऱ्या काचेच्या शेगडीची एक खोड आहे. बटण बंद केलं तरी ती बराच वेळ तापलेलीच राहते. म्हणून कुकर एक शिट्टी कमी असतानाच बंद करायचा, आणि दूध उतू जाताना बटण फिरवून उपयोग नाही, पातेलंच उचलायचं. सांडशी इथंही लागते. कुकर काचेवरून सरकवायचा नाही, चरे पडतात आणि घर सोडताना त्याचे पैसे कापतात.

भाकरीवर थोडं थांबते, कारण परदेशातल्या सांगली-साताऱ्याच्या पोरांची सगळ्यात जास्त हाय इथंच लागते. तिथल्या दुकानातलं ज्वारीचं पीठ महिनोन्‌महिने पाकिटात असतं, त्याची विरी गेलेली असते. भाकरी थापताना कडेनं चिरते आणि चवीला कडवट लागते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, पीठ धरून ठेवतो तो गरम पाण्यानं फुगलेला स्टार्च. म्हणून जुन्या पिठाला उकड काढायची. एक वाटी पाण्यात चिमूटभर मीठ टाकून खळखळून उकळायचं, शेगडीवरून उतरवून लगेच एक वाटी पीठ घालून लाकडी चमच्यानं ढवळायचं आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं. मग सोसेल इतकं गरम असतानाच, हाताला पाणी लावून, तळहाताच्या टाचेनं पाच मिनिटं रगडून मळायचं. गार झाल्यावर मळलं तर उकडीचा उपयोग होत नाही. शेगडीचा आकडा नऊपैकी सातवर ठेवून तवा पाच मिनिटं तापवायचा. भाकरी टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि पाणी सुकत आलं की उलटायची. पूर्ण सुकू दिलं तर भेगा पडतात, ओलं असताना उलटली तर तव्याला चिकटते. दुसरी बाजू चांगली खरपूस होऊ द्यायची, तिसऱ्यांदा उलटून घडी केलेल्या फडक्यानं कडा दाबत गोल फिरवायची. जाळावर न धरताही टम्म फुगते. काचेवर सरळ भाकरी टाकायची नाही, पीठ जळून असं चिकटतं की ब्लेडनं खरवडावं लागतं.

एक किलो ताज्या पिठात १२-१४ भाकऱ्या होतात. निघायच्या दोन दिवस आधी दळून आणा, तिथं पोचल्यावर फ्रीजरमध्ये ठेवायला सांगा. ते संपेपर्यंत तिचा हात बसला की मग दुकानातल्या पिठावर उकड चालेल. गेल्या गेल्या जुन्या पिठावर सुरुवात केली तर दोन भाकऱ्या फाटतात आणि पोरगी पाव खायला लागते.

दह्याला इथून विरजण न्यायची गरज नाही, आणि नेताही येत नाही. तिथं ३.५ टक्के फॅटचं साधं ‘नाटुरयोगुर्ट’ घ्यायचं. डब्यावर ‘मिल्ड’ असा शब्द असेल तर त्यातले जंतू वेगळे असतात, दही गोडसर लागतं आणि कढीला पाहिजे तितकं आंबत नाही. आंबट हवं तर तो शब्द नसलेला डबा शोधायचा. एक लिटर दूध उकळून, मंद आचेवर दहा मिनिटं ठेवून, बोट दहा सेकंद सोसेल इतकं, म्हणजे ४० ते ४२ अंशांपर्यंत, निवू द्यायचं. त्यात एक मोठा चमचा दही. जास्त घातलं तर लवकर लागतं खरं, पण पाणी सुटतं. हिवाळ्यात घरात २० अंश असतात, ओट्यावर ठेवलेलं दूध सकाळी तसंच दूध असतं. ओव्हनचा नुसता दिवा लावायचा (बहुतेक ओव्हनला बटणावर दिव्याचं चित्र असतं), पातेलं टॉवेलात गुंडाळून आत ठेवायचं, सहा ते आठ तास हलवायचं नाही. थंडीत पॅकबंद टिकाऊ दूध वापरलं तर दही थोडं सैल लागतं. त्यात दोन चमचे दूध पावडर घातली की घट्ट होतं.

तुपाचं तर अजून सोपं. जर्मन लोणी पाव किलोच्या वडीत येतं आणि त्यात ८२ टक्के फॅट असतं. ‘झाउअररामबुटर’ असं लिहिलेली वडी घ्यायची. ते आंबवलेल्या सायीचं लोणी, म्हणजे आपल्या घरच्या लोण्याच्या जवळचं. दुसरं, गोड सायीचं, घेतलं तर तूप होतं पण तो वास येत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर २० ते २५ मिनिटं. आधी मोठे बुडबुडे आणि फेस, मग आवाज कमी होत जातो, बुडबुडे बारीक होतात आणि तळाची बेरी सोनेरी दिसते. त्या क्षणी पातेलं शेगडीवरून बाजूला. बटण बंद करून तिथंच ठेवलं तर तापलेल्या काचेवर बेरी काळी होते. एका वडीचं जवळपास २०० ग्रॅम तूप निघतं. हे तुम्ही दोघी इथं एकदा बाजारच्या लोण्यावर करून बघा, बेरीचा रंग फोनवर सांगून कळत नाही.

श्रीखंडाला ‘क्वार्क’ नावाचा पदार्थ घ्यायचा, ४० टक्क्यांचा. फडक्यात तीन-चार तास टांगला की चक्काच. मऊ भाताला बासमती नको, खिरीचा गोल तांदूळ ‘मिल्शराइस’ नावानं मिळतो, गुरगुट्या होतो.

पाण्याचं सांगायला हवं. म्युनिकच्या नळाचं पाणी थेट पिता येतं, फिल्टर, बाटल्या काही नको. हे सुख पहिल्या आठवड्यात कळतच नाही. पण ते पाणी जड आहे, म्हणजे त्यात चुना जास्त. डाळ तीन शिट्ट्यांत शिजत नाही, दाणे दाणे राहतात. पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला, म्हणजे दाणा बांधून ठेवणाऱ्या घटकाला, घट्ट धरतं, म्हणून ती मऊ होत नाही. डाळ तासभर भिजवायची आणि किटलीत उकळून थंड केलेलं वरचं निवळ पाणी वापरायचं. उकळताना बराचसा चुना किटलीतच बसतो. तेवढ्यानं भागलं नाही तर खायचा सोडा अगदी चिमूटभर. सोड्याचं पाकीट ‘नाट्रोन’ नावाचं असतं. ‘बाकपुल्वर’ घेतलं तर ती बेकिंग पावडर, त्यानं डाळ काही मऊ होत नाही. किटलीत पांढरा थर साठला की लिटरभर गार पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड घालून अर्धा तास ठेवायचं आणि ओतून द्यायचं. हे उकळायचं नाही, उकळलं तर चुन्याचा वेगळाच न विरघळणारा थर धरतो.

याच पाण्यानं केस राठ होतात आणि हिवाळ्यात हीटरनं त्वचा उलते. अंघोळ फार कढत नको, आणि अंग पुसल्यावर लगेच तेल किंवा क्रीम. खोबरेल तेल २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे तिथं वर्षातले बहुतेक दिवस ते गोठलेलंच. अरुंद तोंडाच्या बाटलीत दिलं तर रोज सकाळी ती बाटली गरम पाण्यात धरून उभी राहील. रुंद तोंडाच्या डबीत द्या, बोटानं काढता येतं.

न्हाणीघर कोरडं असतं. शॉवरच्या चौकटीबाहेर जमिनीला सहसा मोरी नसते, बाहेर पाणी सांडलं की खालच्या घराच्या छतातून टिपकतं आणि भांडण होतं. संडासात नळ नसतो. इथून जेट स्प्रे घेऊन जातात बरेच जण, पण नळांचे आटे जुळत नाहीत आणि भाड्याच्या घरात विचारल्याशिवाय काही बसवता येत नाही. दाबून पाणी सोडायची अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली द्या, वजन पन्नास-साठ ग्रॅम. सुरुवातीला याच्याएवढं सुख दुसरं कशात नाही, आणि हे लिहायला कुणी तयार नसतं.

घराबद्दल. जर्मनीत बरीच भाड्याची घरं छताला नुसत्या तारा लोंबकळत्या ठेवून देतात, दिवा आपला आपण आणायचा. काही घरांत ओटा आणि शेगडीसुद्धा नसते. करारात ‘आइनबाउक्युशे’ असा शब्द आहे का ते आत्ताच बघून ठेवायला सांगा. तो असला तर स्वयंपाकघर बसवलेलं मिळतं. डिसेंबरात सूर्य सकाळी आठला उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो, तेव्हा पिवळसर उजेडाचा एक चांगला दिवा पहिल्याच आठवड्यात घ्यायचा.

हीटरच्या चकतीवर १ ते ५ आकडे असतात. ३ म्हणजे साधारण २० अंश, पुढंमागं एकेका आकड्याला ४ अंश. खोली लवकर तापावी म्हणून ५ वर ठेवणं चूक. वेग तोच राहतो, खोली फक्त २८ पर्यंत तापत जाते आणि वर्षाअखेर बिल येतं. रोज दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडकी सताड उघडायची, हीटर बंद करून. आपल्या स्वयंपाकाची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे आणि बंद खिडक्या मिळून भिंतीला बुरशी धरते, आणि ती भाडेकरूच्या माथी मारतात. शिवाय फोडणीचा वास. ओट्यावरचा धूर ओढणारा पंखा बऱ्याच घरांत हवा बाहेर टाकत नाही, गाळून आतच सोडतो. म्हणून फोडणी देताना खिडकी उघडी, खोलीचं दार बंद आणि कोट दुसऱ्या खोलीत. लोकरीत लसणाचा वास एकदा बसला की आठवडाभर निघत नाही.

वाकळ. ती न्यावी का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण यादीत लिहिलीत. थंडीसाठी तिची गरज नाही. घर गरम, पांघरूण जाड. चार-पाच पदरांची जुनी वाकळ तीन किलोंची असेल आणि भिजली की छोट्या मशीनला फिरवता येत नाही. पण मांडीवर घेऊन बसायला, जमिनीवर अंथरायला ती हवीशी वाटते, हे खरं. सासूबाईंच्याच दोन सुती साड्यांची, दोनच पदरांची, चार बाय सहा फुटी वाकळ नवी शिवून घ्या, किंवा मोठी उसवून तिच्यातूनच करा. एक बोट अंतरावर धावदोरा घातला की पदर सरकत नाहीत. सव्वा किलोत बसते आणि तिथल्या मशीनमध्ये धुता येते. थंडीचं जॅकेट मात्र इथल्या तिबेटी बाजारातलं नको. ऊब देतं, पण वारा आणि पाऊस अडवत नाही. जॅकेट आणि बूट तिथंच घेऊ दे.

म्युनिकच्या बाव्हेरिया राज्यात दुकानं रात्री आठला बंद होतात आणि रविवारी पूर्ण बंद. शनिवारी दूध-भाजी आणली नाही तर रविवारी स्टेशनवरच्या महागड्या दुकानाशिवाय गत्यंतर नसतं. रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर गोंगाट करायचा नाही, त्यामुळं दाण्याचं कूट शनिवारीच. पहिले काही रविवार अंगावर येतात. नंतर लोक त्याच दिवसाची वाट बघायला लागतात, कारण त्या दिवशी कुणी काम सांगत नाही. तिथल्या गरम ब्रेझेल पावाला लोणी लावून खायची सवय तिला लागली, किंवा गादीएवढ्या पांघरुणाशिवाय झोप येईनाशी झाली, तर वाईट वाटून घेऊ नका. इथलं विसरल्याची ती खूण नाही. तिथं रुळली एवढाच त्याचा अर्थ.

औषधं तिच्या स्वतःच्या वापरापुरती, तीन महिन्यांच्या आतली, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. तिथं साधी पॅरासिटामॉलही फक्त औषधाच्या दुकानात मिळते, आणि रविवारी पाळीवर एखादंच उघडं असतं.

फोनचा वाद पुढं होणारच आहे, म्हणून आत्ताच ठरवा. ती गेल्यावर महिनाभर तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असेल. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागं जातात, मग फरक साडेचार तासांचा, तो मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत. म्हणजे सांगलीत रात्री साडेनऊला फोन केलात तर आधी तिथं संध्याकाळचे सहा आणि नंतर पाच वाजलेले असतील. पाचला ती ऑफिसात असते. नोव्हेंबरपासून एक तर तुम्ही साडेदहापर्यंत जागायचं, नाहीतर रोज दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा आणि निवांत बोलणं रविवारी. तिथं सकाळी दहा म्हणजे इथं दुपारचे अडीच, जेवणं उरकलेली असतात. फोन समोर उभा करून दोघींनी आपापल्या ओट्यावर भाजी चिरली तरी बोलणं होतं. ‘जेवलीस का’ हा प्रश्न त्यात एकदाच.

दिवाळीचा फराळ पाठवता येतो. पण दूध-तुपाची बंदी पार्सललाही लागू आहे, म्हणून तुपातले लाडू आणि खव्याच्या करंज्या नकोत. चकली, कडबोळी, शेव, तेलाचं मोहन घातलेल्या शंकरपाळ्या, भाजक्या पोह्यांचा चिवडा चालतो. चिवड्यात सुक्या खोबऱ्याचे काप घालू नका, तेच विमानाचं कारण. घरून घरी पाठवलेल्या भेटीवर ४५ युरोपर्यंत जकात आणि कर लागत नाही, म्हणून पार्सल लहान ठेवा आणि आत काय आहे, किती किमतीचं आहे, ते वरच्या कागदावर खरं आणि स्पष्ट लिहा. नुसतं ‘खाऊ’ किंवा ‘गिफ्ट’ लिहिलेली पार्सलं उघडून बघेपर्यंत कस्टममध्ये पडून राहतात आणि मग तिला ते घ्यायला त्यांच्या कचेरीत जावं लागतं. चकली उभी, कागदाच्या गुंडाळीत, कडक डब्यात. मधल्या फटीत चिवडा भरला की काही हलत नाही. पोचायला आठवडे लागू शकतात. दसऱ्यापर्यंत थांबू नका, गणपती उठले की तळणीला लागा.